चार नटांचं काम

पातूरच्या बाजारात महिन्याकाठी एखादा तरी नवा माणूस किसनराव गिऱ्ह्यांना विचारतोच, की भाऊ, या काळात तुम्ही अजून बैलबंडीनंच भाजी आणता? किसनराव हसतात. "हो बावा, बैलाले पेट्रोल लागत नाही," म्हणतात आणि वांग्याचं पोतं खाली उतरवायला लागतात. विचारणारा समजतो, माणूस मोठा गमत्या आहे.

गमतीचं त्यात काही नव्हतं. दूधवाल्यापासून भटजीपर्यंत सगळं पातूर दुचाकीवर फिरत असताना किसनराव बाजाराला बंडीनं, अकोल्याला एसटीनं आणि उरलेल्या जगात पायी जात. कोणी मागं बसा म्हटलं तर बसत, पण हँडलला त्यांनी पंचवीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. गावानं त्यांना भेकड ठरवून टाकलं होतं. गावाला काय, कोणाला काहीतरी ठरवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

दुसरी खोड याहून विचित्र. वांग्यावर, मेथीवर फवारणी करायची तर पंप किसनराव स्वतः पाठीवर घेत, पण औषध मोजून पाण्यात मिसळायचं काम बायकोचं. सीमाबाई झाकणानं मोजून ओतणार, काडीनं ढवळणार, "झालं बरं का, दोन टाकले" असं तोंडानं सांगणार, तेव्हा कुठे हा माणूस पंप उचलणार. ती माहेरी गेली की फवारणी बंद, मग अळीनं अख्खा वाफा फस्त करो. लोक म्हणत, बायकोच्या ताटाखालचं मांजर. किसनराव तेही ऐकून घेत.

हा माणूस जन्माचा असा नव्हता. तेविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या नखांतलं काळं ऑइल कधी गेलं नाही. थोरला भाऊ सहदेव गाडी पळवायचा आणि किसन ती पळण्याजोगी करायचा. गाडी म्हणजे जुनी येझदी, दोघांनी मिळून घेतलेली आणि दोघांनी मिळून पार बदलून टाकलेली. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी घालून पाहा. जरा पुढं जात नाही तोच चिखल चाकाला धरतो, मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. किसननं मडगार्ड कापून वर उचलले, सायलेन्सर वळवून अंगासरशी वर घेतला, मागं मोठं दातेरी चक्र बसवलं, हँडल रुंद केलं. मग ती गाडी वखरलेल्या वावरातून अशी निघायची की बैलसुद्धा मान वळवून बघत. अकोल्याचा पिंटू मिस्त्री सहदेवच्या वयाचा, दोघांचा दोस्त. तो म्हणायचा, या गाडीत हात किसनचे आणि जीव सहदेवचा.

त्या वर्षी अमरावतीला शहराबाहेरच्या रानात चिखलातल्या गाड्यांची शर्यत होती. पाऊस नुकताच ओसरला होता. तिघं टेम्पोत गाडी घालून गेले. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते कमी पडलं तर आतला पिस्टन तापतो, सिलिंडरला चिकटतो आणि धावत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. म्हणून शर्यतीच्या दिवशी किसन दोन मापं ऑइल टाकायचा. त्या दिवशी एक माप टाकलं, तेवढ्यात लाउडस्पीकरवर सहदेवचं नाव पुकारलं. किसन हरखून बघायला धावला. नावाची एवढी अपूर्वाई, की बस. परत आला, टाकीचं झाकण लावलं, गाडी हलवून दिली. दुसरं माप टाकलं की नाही? ते मात्र त्याला त्यानंतर कधीही आठवलं नाही.

तिसऱ्या फेरीत, वळणावर, सहदेव गाडीवरून फेकला गेला. मान मोडली होती. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं. गर्दीत जो तो सांगत होता, "मागचं चाक जाम झालं, मी पाह्यलं ना, चाकच जाम झालं." किसन ते ऐकत चिखलात उभा होता. त्याच्या खिशात ऑइलचं माप होतं.

तेरवी झाली. गाडी कोठ्यात, बैलांच्या मागं, गोणपाटाखाली उभी केली होती. किसनला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एकदा घरात कोणी नाही असं बघून त्यानं किक मारली. किक दगडासारखी घट्ट. सगळा भार टाकून उभा राहिला तरी हलेना. इंजिन जाम. त्या दिवशी किसननं मनाशी निकाल लावून टाकला, की दुसरं माप टाकलंच नव्हतं आणि दादाला आपण मारलं.

आता कोणी म्हणेल, खोलून का नाही बघितलं? हेडचे चार नट असतात. पाना लावला की वर्षानुवर्षांचा प्रश्न चहा निवायच्या आत सुटतो. ऑइलवाचून पिस्टन चिकटला असेल तर सिलिंडरच्या भिंतीवर खिळ्यानं ओरखडल्यासारख्या रेघा दिसतात, त्या लपत नाहीत. किसनरावांना हे कोणाहून जास्त ठाऊक होतं. म्हणूनच खोललं नाही. इंजिन बंद होतं तोवर एक 'कदाचित' शिल्लक होतं, आणि त्या एवढ्याशा 'कदाचित'वर ते जेवत होते, झोपत होते, लेकीला मोठी करत होते. पाना मात्र त्यांनी टाकला तो टाकलाच. हे सगळं त्यांनी सीमाबाईंना लग्नानंतर एकदाच सांगितलं. आईला, दुर्गाबाईंना, कधीच नाही.

यंदाच्या वैशाखात वावटळीनं कोठ्यावरचे टिन उडाले आणि गाडी उघड्यावर आली. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी दारात हजर. या लोकांना वास कसा लागतो देव जाणे. प्रतीक्षा, किसनरावांची मुलगी, नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात नोकरीला. ती सुट्टीवर आली होती. तिनं भंगारवाल्याला परत धाडलं आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, सहदेवकाकाची गाडी अशी सडू द्याची का? एक तर देऊन टाका, नाही तं नीट करा. मले ती पाह्यची आहे चालू झालेली."

"राहू दे तिले तशीच," आजी ओट्यावरून म्हणाली. दुर्गाबाई अठ्ठ्याहत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, पण आवाज अजून बाजारातला. "नोको हात लावू. मेलेल्या मानसाची वस्तू आहे."

"मंग आजी, भंगारात देऊ?"

"भंगारातही नोको."

म्हातारी उठून आत गेली. किसनराव गाडीकडे बघत राहिले. मडगार्डला गंजानं भोकं पाडली होती, सीटमध्ये उंदरांनी पिढ्या काढल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण पन्नाशीला टेकलो. हे 'कदाचित' बरोबर घेऊन मरायचं का? आणि ते सीमाबाईंना म्हणाले, "पिंटूले फोन लावतो. जे असन ते असन."

पिंटू मिस्त्रीचे केस पांढरे झाले, नातू शाळेत जायला लागला, पण अकोल्यात तो अजून पिंटूच. रेल्वे पुलापलीकडे त्याचं गॅरेज. गाडी टेम्पोतून उतरली तसा तो कामावरून उठून आला. मग तिच्या टाकीवरची धूळ तळहातानं पुसली आणि किसनरावांच्या हातात पाना दिला. "मी मदत करन. पन खोलनार तू."

किसनराव दर सोमवारी एसटीनं अकोल्याला जाऊ लागले. आधी चाकं काढली. आरे बदलले, खोल नक्षीचे टायर शोधून आणले. मग टाकीतला गंज काढला, खडी घालून हलवून हलवून धुतली. वायरिंग नवं ओढलं. मडगार्ड पुन्हा तसेच वर उचलून बसवले, सीटला नवं कव्हर घातलं. इतक्या वर्षांनी हात चुकतील असं वाटलं होतं, पण हात विसरले नव्हते. कुठला नट किती आवळायचा ते बोटांना ठाऊक होतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटे. पावसाळा अर्धा सरला तेव्हा गाडी बाहेरून अशी दिसू लागली की येणारेजाणारे थांबून फोटो काढत. इंजिनला मात्र कोणी हात लावलेला नव्हता. आज कार्बोरेटर, उद्या ब्रेक, परवा साखळी, असं करत किसनराव इंजिनाच्या भोवती भोवती फिरत होते.

एके सोमवारी पिंटू वैतागला.

"किसन, नवरदेव सजवून ठेवला अन् त्याच्यात जीवच नाही. काय करून राहिला तू? चार नटं आहेत हेडचे. तुले भेव कायचं वाटून राहिलं?"

किसनराव पुढं झाले. पाना घेतला. प्लग गंजून घट्ट बसला होता, तो डिझेल सोडून सोडून काढला. मग पहिला नट, दुसरा, तिसरा. चौथ्याला हात थांबला. पिंटू समोर चहा पीत होता, त्यानं कप खाली ठेवला. किसनरावांनी डोळे मिटून चौथा नट फिरवला आणि हेड उचललं.

पिस्टनच्या डोक्यावर काहीतरी होतं. ना गंज, ना काजळी. चिक्कीच्या पाकासारखा, पिवळसर तांबूस, टणक थर कडेपर्यंत जमून बसला होता. पिंटूनं स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघितलं.

"हे काय आहे बावा? ऑइल तं नाही हे."

पिस्टन काही हलेना. पिंटूनं स्टोव्ह पेटवला आणि सिलिंडरला बाहेरून हळूहळू ऊब दिली. थर मऊ पडू लागला, आणि त्याबरोबर वास सुटला. किसनराव खाली वाकले. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. दरवर्षी मृगाच्या आधी घरोघरी जवसाचं तेल राळ घालून कढवतात आणि बंडीला, वखराला, तिफणीला चोपडतात. ते वाळलं की लाकडावर काचेसारखं बसतं, पाणी आत शिरू देत नाही. घरातली सगळी अवजारं याच वासाची. गिऱ्ह्यांच्या घरात हे तेल कढवायचं काम एकच माणूस करत आलं होतं.

"लाकडाचा ठोकळा दे," किसनराव म्हणाले.

ठोकळा ठेवून हलके ठोके दिले तसं सिलिंडर सुटून वर आलं. पिंटूनं ते रॉकेलनं धुतलं आणि उजेडाकडे धरलं. दोघं आत बघत राहिले. भिंत स्वच्छ होती. गुळगुळीत, चकचकीत, एकही रेघ नाही. पिस्टनच्या अंगावरही ओरखडा नव्हता.

"पाह्य, काय इंजिन ठेवलं होतं तू," पिंटू कौतुकानं म्हणाला. "ऑइलमधी एक थेंब कमी नव्हता त्या दिवशी. लोकं उगाच बोंबलत होते चाक जाम झालं म्हनून. चाक खड्ड्यात घसरलं असन, दुसरं काय. बाकी हे तेल कोन ओतलं याच्यात? प्लग काढून ओतलं कोनीतरी, आन् थेच वाळून जाम झाली हे."

"ठाऊक नाही," किसनराव म्हणाले आणि तिथंच, तेलकट फरशीवर, भिंतीला टेकून बसले. पिंटूला वाटलं स्टोव्हच्या धगीनं भोवळ आली. त्यानं पाणी आणून दिलं.

परतीच्या एसटीत किसनरावांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांना संताप आला, असा की मुठी उघडेनात. आपण दादाला मारलं नव्हतं. मग या पंचवीस वर्षांचं काय? भेकड म्हणवून घेतलं, हातातलं कसब मातीत घातलं, झाकणभर औषध मोजायची हिंमत झाली नाही, सहदेवच्या फोटोसमोर कधी नीट उभं राहता आलं नाही. आणि हे सगळं कशामुळं, तर आईनं कढवलेल्या तेलामुळं. अकोल्यापासून पातूरपर्यंत ते मनातल्या मनात आईला बोलत आले. एक एक शब्द पारखून ठेवला.

घरी आले तर दुर्गाबाई ओट्यावर सांभाराच्या जुड्या बांधत होत्या. कोथिंबिरीच्या ओल्या काड्या एका हातात, सुतळी दातात. त्यांनी मान वर करून "आला का, भाकर खाऊन घे," एवढंच म्हटलं. पारखून ठेवलेले सगळे शब्द किसनरावांनी तसेच परत ठेवले. ते विहिरीकडे गेले आणि सीमाबाईंना सगळं सांगितलं.

सीमाबाई भडकल्या. "आन् तुमी गप बसले? मी सांगतो त्यायले. कळू द्या त्यायले, तुमी कसे दिवस काढले ते. रात्री दचकून उठत होते तुमी, म्या पाह्यलं आहे."

"सीमा, तिनं काहून केलं ते समजलं नाही का तुले?" किसनराव म्हणाले. "तिनं मले गाडीवर बसू द्याचं नव्हतं. तिले काय माहीत मी काय समजून बसलो होतो? तिले म्या सांगतलंच नाही. आता सांगतलं तं माह्या डोक्यावरचं ओझं उचलून तिच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईन. अठ्ठ्याहत्तर वर्सांची म्हातारी ते कुठं घेऊन जाईन? तू काई बोलू नोको. माही शपथ आहे."

सीमाबाईंनी बादली आपटली, पण मान हलवली.

गाडी दसऱ्याच्या आठवड्यात घरी आली. अकोल्याहून चालवत आणता आली असती, पिंटू तसं म्हणालाही, पण किसनरावांनी टेम्पोच केला. आईच्या समोर फटफटीवर बसून यायचं त्यांच्या जिवावर आलं. अंगणात गाडी उतरली. टेम्पो गेला. दुर्गाबाई काठी टेकत आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि टाकीवर हात ठेवला.

"चालू होते?" त्यांनी विचारलं.

"होते, माय."

"मंग तेल निघालं म्हनाचं."

सीमाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. किसनराव गाडीच्या चाकाकडे बघत होते.

"निघालं," ते म्हणाले.

"म्याच टाकलं होतं," म्हातारी सरळ म्हणाली. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं, इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं एवढंच. "तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तू कोठ्यात तिच्यावर बसून होता. हँडल धरून. म्या दारातून पाह्यलं. तुमी दोघं ओट्यावर बसून प्लग साफ करत होते ना, मले ठाऊक होतं कुठून खोलतात. तू वावरात गेला आन् म्या टाकलं. चांगलं राळ घालून कढवलं होतं. लाकडावर बसते तं लोखंडावर काहून नाही बसनार?"

"बरोबर आहे," किसनराव म्हणाले.

"सहदेवले म्या अडवलं नाही. तो जाऊन राहिला होता अमरावतीले, म्या त्याले दही-साखर देल्ली हातावर. ते मले आजपावतर खाते. पन तुले अडवलं. मंग तू कधी गाडीले हात नाही लावला. लोकं तुले भेकड म्हनत, बायका मले पानी भराले गेलं की आयकवत. मी मनात म्हनो, म्हनू द्या. माहा एक तं जित्ता आहे." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "माह्या तेलानं वाचवलं तुले, किसना."

सीमाबाईंचे ओठ हलले. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. पंचवीस वर्षांचा सगळा हिशेब त्यांच्या जिभेच्या टोकावर आला होता. किसनरावांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या तोंड फिरवून वाळत घातलेल्या मेथीकडे गेल्या.

"हो माय," किसनराव म्हणाले. "तूच वाचवलं."

म्हातारी समाधानानं ओट्याच्या कडेला बसली. जरा वेळानं म्हणाली, "लाव मंग चालू. आता तू म्हातारा होत आला, आता मले भेव नाही. त्याचा आवाज आयकू दे एक खेप."

किसनराव गाडीवर बसले. किक मारली. पहिल्यांदा नुसती खरखर झाली, दुसऱ्यांदा इंजिननं आवाज दिला आणि मग ती लागली. शेजारच्यांच्या कोंबड्या उडाल्या, बंडीचे बैल कान टवकारून उभे राहिले. तोच खडखडीत, उघडा, दूरवर जाणारा आवाज. संध्याकाळी वावराच्या बांधावरून तो येऊ लागला की आई चुलीवर तवा ठेवायची, कारण सहदेव आला. दुर्गाबाई डोळे मिटून, मान हलवत ऐकत होत्या.

किसनरावांचे हात हँडलवर होते. त्यांना एकाएकी सहदेव दिसला. चिखलातला, मान मोडलेला सहदेव त्यांनी रोज पाहिला होता. हा तो नव्हता. हा टिपूर चांदण्यासारखे दात दाखवत हसणारा, "किसना, चाक कसं झालं पाह्य" म्हणत अंगणात गाडी गर्रकन फिरवणारा, त्यांच्या ताटातली भाकर पळवणारा दादा होता. त्याला ते पार विसरून गेले होते. इतकी वर्षं त्या फोटोसमोर ते स्वतःच्याच अपराधासाठी रडले होते, भावासाठी रडायला त्यांना सवडच झाली नव्हती. त्यांनी गाडी बंद केली आणि टाकीवर डोकं टेकवलं. खांदे हलू लागले. मग हुंदका बाहेर पडला, आणि तो काही केल्या थांबेना.

दुर्गाबाई काठी टेकत उठल्या, जवळ आल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"काय झालं रे? काहून रडून राहिला?"

"दादाची आठवन आली, माय."

"आता?" म्हातारीला नवल वाटलं. "इतक्या वर्सानं?"

"हो," किसनराव म्हणाले. "आताच आली."